चाळीस हजार मितिनी

कोदोडांडा, लमजुंग
असार २१

चि. कांछीस बज्यैचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. फौजी टपालाचा माणूस डांडा चढून आला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस होता. ताक पाजलं तर म्हणतो, एवढ्या उंचावर माणसं राहतात कशाला. मी म्हटलं, माझी नात चंद्राच्याही पलीकडे राहते, तिथलं टपाल तुझ्याकडे नाही हे नशीब समज. मग गुपचूप आणखी एक वाटी ताक प्यायला.

पत्र मी स्वतः वाचलं. म्हातारपणी वर्गात बसले ते वाया गेलं नाही. जोडाक्षरं अजून छळतात, पण तू ती कमी लिहितेस, शहाणी माझी. वाचून झाल्यावर तेच पत्र मुद्दाम तुझ्या सुबेदार बाजेकडे घेऊन गेले आणि म्हटलं, भावजी, चष्मा सापडत नाही, तेवढं वाचून दाखवा. तुला भरतीला धाडलं ते यांनीच, म्हणून हल्ली शेळ्या सोडतानासुद्धा छातीवर बिल्ले लावून फिरतात. मोठ्या तोऱ्यात वाचत सुटले, आणि एक ओळ गाळली बरं का! धोक्याची घंटा वाजली की आधी जहाजं हलवायची आणि जागा उरली तर मग तुम्ही, असं तू लिहिलं होतंस, तीच. मी म्हटलं, भावजी, मधे काहीतरी राहिलं. तर कान लाल. म्हणाले, ती करारातली कलमं असतात, बायकांना कळायची नाहीत. मी म्हटलं, दारात कोण उभं आहे आणि चुलीशी कोण बसलंय एवढं मला कळतं.

तर ते मला नीट कळवीत जा, गाळू नकोस. ही वाळवी म्हणतात ती लोखंड खाते, धोंडे पोखरते, ओखऱ्यांचं अख्खं जग खाऊन आता आपल्याकडे निघालीय, हे मला माहीत आहे. ओखरे आपल्या बाजूचे हेही कळलं. पण आपल्या बाजूचा आणि आपला यात फरक असतो, कांछी.

म्हणून सांगते. तू तिथे मीत जोड, अक्षता लावून जन्माचं नातं कर. तुझा सख्खा बाजे, माझा म्हातारा, लाहुरे होऊन परक्यांच्या फौजेत गेला तेव्हा पलटणीतल्या सगळ्या आपल्या गुरुंगांनी त्याला एकेकदा तरी फसवलं. वेळेला धावून आला तो त्याचा मीत, भक्तपूरचा भांडी ओतणारा नेवार. आपलं घर जळलं तेव्हा तो बायकोला घेऊन चालत आला आणि छप्पर होईपर्यंत हलला नाही. जेवला मात्र दोघांचं. मीत आपल्या जातीचा चालत नाही हे तुला ठाऊक आहेच. आता तुमच्या त्या आभाळातल्या धोंड्यावर दुसऱ्या जातीचं कोण आहे ते तूच बघ. साहेबाशी जोडू नकोस, साहेब लोक नातं मोजून वापरतात.

मीत जोडायला अक्षता, शेंदूर आणि एक नाणं पाठवलंय. म्हैस बरी आहे. शेजारच्या टंकमायेनं पुन्हा आपल्या बांधावर भोपळा चढवला आहे, मी भोपळा कापून आणला.

लोभ ताज्या लोण्यासारखा आहे, वितळू देऊ नकोस.
तुझी बज्यै, बुद्धिमाया


तिसरा धोंडा, पुढचं ठाणं
साउन २८

ती. बज्यैस कांछी जूनकिरीचा सा. न. वि. वि.

बज्यै, तुझं ऐकून मीत जोडला आणि कर्नल प्रेस्कॉट साहेब आता मला नावानं हाक मारत नाहीत, नुसतं ‘ती बाई’ म्हणतात. सगळं सांगते, गाळत नाही.

इथे आपली लमजुंग-गोरख्याची कंपनी आणि ओखरे, एवढीच वस्ती. ओखरे दिसतात कसे ते तुला अजून लिहिलंच नव्हतं. डोकं सोललेल्या अक्रोडासारखं. पाय तीन. हात किती ते त्यांच्या त्या दिवशीच्या मनावर असतं. ओल्या घोंगडीचा वास येतो, पण आपल्या पोरांच्या मोज्यांपुढे तो काहीच नाही. बोलायचं असलं की आधी पोटात गुडगुडतं आणि मग आपली भाषा बाहेर येते, तीही लमजुंगी हेल काढून, कारण शिकले आमच्याकडून. शिव्याही शिकले. परवा एकीनं कर्नल साहेबांना अगदी आदरानं एक शिवी घातली, आम्ही सगळे छताकडे बघत राहिलो.

माझ्याबरोबर दारावर एक ओखरी असते. दार म्हणजे धोंड्याचं तोंड. वाळवी तिथूनच शिरायला बघते, म्हणून पहारा जोडीनं. तिला विचारलं की मीत होशील का. तिनं विचारलं, होऊन काय करायचं. मी म्हटलं, तुझं ते माझं, माझं ते तुझं, आणि एकमेकींना नावानं हाक मारायची नाही. ती म्हणाली, नाव तर मला नाहीच, म्हणजे अर्धं काम झालंय. मीत म्हणायचं की मितिनी, यावर आमच्या हवालदारानं फार डोकं खाजवलं, त्यांच्यात नर-मादी नसतात ना. पण विचारल्यावर ती हसली, म्हणून मितिनी ठरलं. दही नव्हतं, दुधाची पूड कालवून अक्षता भिजवल्या. कपाळ कुठलं ते काही केल्या ठरेना, शेवटी तिनंच बोट ठेवून दाखवलं. मी तुझं नाणं दिलं. तिनं पोटातून एक गुळगुळीत खडा काढून दिला. मी तो धुऊन घेतला, पण तिच्यासमोर नाही.

दुसऱ्या दिवशी उठते तो काय, स्वैपाकघरातल्या ओखरीनं हात जोडून मितिनी म्हटलं. तोफेवरच्या ओखरीनंही. जहाजं चालवणाऱ्या तर रांगेत उभ्या. मी म्हटलं, अगं बायांनो, मी एकीशी जोडली. त्या म्हणाल्या, एकीला लावलं ते सगळ्यांना लागलं. त्यांच्यात एकीला ठेच लागली की सगळ्या कळवळतात, एकीनं ऐकलं की सगळ्यांनी ऐकलं. बज्यै, चाळीस हजार आहेत गं त्या.

कर्नल साहेबांनी बोलावून विचारलं की नेमकं कोणाशी संधान बांधलंस, बोट दाखव. मी दाखवलं. साहेबांनी तिच्या शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, माझ्याशी. मग पलीकडचीला. तीही म्हणाली, माझ्याशी. साहेब म्हणाले, करारात दोस्त फौजेशी खासगी नातं जोडायची सोय नाही. घंटेचं कलम आहे तसंच आहे हेही ऐकवलं. जहाज बांधायला वर्षं लागतात, शिपाई डोंगरात दरसाल उगवतात, असं हसत म्हणाले. हसायचं असतं म्हणून आम्हीही हसलो.

भोपळ्याची भाजी केलीस का? लोभाचं दार उघडं ठेव.
तुझी, कांछी


कोदोडांडा
भदौ १९

चि. कांछीस आणि तिच्या सगळ्या, सगळ्या, सगळ्या मितिनींस बज्यैचे आशीर्वाद, वाटून घ्या.

अगं पोरी! चाळीस हजार! मी पत्र घेऊन सरळ टंकमायेच्या अंगणात गेले. तिला अकरा नातवंडं, त्याचं कौतुक मी वीस वर्षं ऐकतेय. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी म्हटलं, टंकमाया, दशैंच्या सणाला नातवंडांच्या केसांत खोवायला तुझ्या जवाच्या कोंबांची थोडी जमरा उसनी लागेल, माझी नातवंडं जरा जास्त झालीयत. तिनं विचारलं, किती. मी सांगितलं. तिच्या हातातलं सूप पडलं आणि कोंबड्यांची चंगळ झाली. आता सगळीकडे सांगत सुटलीय की तीन पायांची नातवंडं काही खरी नव्हेत. जळू दे.

आता नियम ऐक, कारण मितेरी जोडणं सोपं, सांभाळणं अवघड. मितिनीचं उष्टं खायचं नाही. मितिनीच्या घरच्यांची थट्टा करायची नाही. करायचीच तर माझी कर, मला पत्रातून चालते. आणि मितिनीकडचं कोणी वारलं तर पाच दिवस अळणी खायचं. हे पाळायचंच. तुझा बाजे नेवाराच्या आईसाठी अळणी राहिला, तेही ऐन लढाईत. खंदकात साहेबानं डबाबंद मासे दिले ते त्यानं परत केले. साहेबाला वाटलं शत्रूला फितूर झाला.

कर्नलचं शिपाई उगवण्याचं बोलणं मी सुबेदार बाजेला वाचून दाखवलं. या वेळी मी वाचलं, मोठ्यानं, धाऱ्यावर, सगळ्या पाणी भरणाऱ्या बायांसमोर. त्यांनी सांगितलं की साहेब विनोदी स्वभावाचे असतात. मग खयालीची आई, जिच्या घरी लढाईवरून पोराऐवजी नुसती टोपी आली होती, तिनं घागर खाली ठेवून विचारलं की यात हसायचं कुठे. सुबेदारांनी बिल्ले सारखे केले आणि शेळ्या हाकत निघून गेले. शेळ्या वेगळ्याच दिशेला गेल्या होत्या.

तुझा बाबा आखातात मजुरी करताना परांचीसकट खाली आला, तेव्हाही कंपनीचा कागद सगळा बरोबर होता. वकील म्हणाला, इतका चांगला कागद त्यानं पाहिला नाही. तो ज्या पेटीतून घरी आला तिच्यावर चिकटवून पाठवला होता. म्हणून करार चांगला आहे असं कोणी म्हणालं की मी उठून म्हशीला चारा घालायला जाते. तू घरी यावंस, मग टपालात फाटून आलीस तरी चालेल, मी शिवून घेईन. मला दुसरं काही नको.

आता दशैंला या इतक्या जणींना टिका लावायला माझा हात दुखेल, त्याचा विचार करते. एकीला लावला की सगळ्यांना लागतो म्हणतेस, पण ते बरं दिसत नाही. निदान अंगणात मावतील तेवढ्यांना लावीन.

लोभ चाळीस हजारांत वाटला तरी तुझा वाटा तोच.
बज्यै


तिसरा धोंडा
असोज ८

ती. बज्यैस सा. न. वि. वि.

माझे पाच दिवस संपतच नाहीत गं. इथे रोज कुठे ना कुठे वाळवी खरवडते, रोज एखादी ओखरी जाते. एकीचे पाच दिवस सरायच्या आत दुसरी. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून जिभेला मीठ नाही. वरणाला चव नाही, पायात गोळे येतात, परवा दारावर उभी असताना धोंडाच फिरतोय असं वाटलं. तो फिरतोच, पण एवढा नाही.

डॉक्टरीणबाईंनी मीठ लिहून दिलं. मी घेतलं नाही. मग कर्नल साहेबांनी मीठ खाण्याचा लेखी हुकूम काढला, सही-शिक्क्यासकट. तोही मोडला म्हणून माझ्यावर ठपका. फौजेच्या इतिहासात मिठावरून ठपका आलेली मी पहिलीच असेन. हवालदार म्हणतो, कांछी, लढून मर, जेवणावरून मरू नकोस.

पण ऐक. ओखऱ्यांना हे कळलं. मितिनीनं विचारलं, तू रोडावलीस का. मी सांगितलं. ती खूप वेळ नुसती गुडगुडत राहिली आणि मग सगळं ठाणं गुडगुडायला लागलं, भांडी हलली. ती म्हणाली, आमचं मेलं तर आम्हीच दुखतो. बाहेरचं कोणी आमच्यासाठी उपाशी राहिलं असं आम्हाला आठवत नाही, आणि आम्हाला फार जुनं आठवतं. मी म्हटलं, उपाशी नाही गं, अळणी. ती म्हणाली, तेच ते. आणि मग विचारलं, मितिनी संकटात सापडली तर दुसरी काय करते. मी म्हटलं, काही विशेष नाही, तिथून हलत नाही.

वाळवी जमते आहे, बज्यै. दशैंच्या आत मोठी झुंड येणार असं सगळेच म्हणतात. जहाजांची तोंडं आत्ताच बाहेरच्या बाजूला वळवून ठेवलीयत. कर्नल साहेबांचं सामान चढलं, त्यात दोन खुर्च्याही आहेत. मिठाचं काय करू ते लवकर सांग.

तुझ्या लोभाला भुकेली,
कांछी


कोदोडांडा
असोज १७

श्री. रा. रा. की सौ. की काय ते न कळे, पण मितिनीबाईंस बुद्धिमायेचा सप्रेम नमस्कार.

आधी हे पत्र कांछीला दाखवा. कांछी, एका वेळेला मीठ खा. मी आपल्या पुरोहिताला, पच्यूला विचारलं, तो म्हणाला लढणाऱ्याला एक जेवण माफ. फुकट नाही म्हणाला, त्याला एक कोंबडा दिला. तेव्हा खा, नाहीतर कोंबडा वाया जाईल. आणि तो हुकूम जपून ठेव, इथे कोणाचा विश्वास बसत नाही.

आता मितिनीबाई, तुमच्याशी बोलते. मी काही शिकलेली नाही. तुमचे नि साहेबांचे करार तुमच्याजवळ राहू देत, त्यावर माझा अंगठा नाही. मी तुमच्याकडे काही मागायला लिहीत नाही, मितेरीत मागायचं नसतं, दिसलं तर करायचं असतं. एवढंच सांगते की ही पोर लहानपणी अंधाराला भीत असे आणि भीत नाही असं दाखवण्यासाठी गाणं म्हणत असे. दारावर गाणं म्हणायला लागली तर जवळ सरकून उभ्या राहा. सुरात नसतं, त्याबद्दल माफी.

दशैंला या. तीन पायांना आमच्या पायऱ्या बऱ्या पडतील. घोंगडीच्या वासाचं मनावर घेऊ नका, इथे सगळ्यांनाच येतो.

लोभ करायला सुरुवात झालीच आहे.
तुमचीही बज्यै


तिसरा धोंडा
कार्तिक २

बज्यैस आम्हा मितिनींचे हात जोडून.

कांछीला कोठडीत कागद देत नाहीत, म्हणून आम्ही लिहितो. अक्षर तिचंच शिकलेलं आहे. ती जिवंत आहे. हे आधी लिहायचं असतं हे आम्हाला तिनंच सांगितलं. डावा हात भाजला आहे, बोटं पाचही आहेत.

झुंड आली. घंटा वाजली. कर्नल साहेब पहिल्या जहाजात चढले आणि निघा म्हणाले. जहाज आमची चालवणारी चालवते. ती बसली, पण दारावर कांछी होती आणि ती गात होती. तुम्ही लिहिलं होतं तसं, सुरात नव्हतं. चालवणारीला जायचा रस्ता दिसेना. आम्ही लबाडी केली नाही. मितिनीला मागे ठेवून जायची वाट आमच्या डोक्यात काढताच येईना, जसं तुम्हाला स्वतःचा पाय घरी ठेवून बाजारात जाता येणार नाही. साहेबांनी कलम वाचून दाखवलं. आम्ही ऐकलं, छान होतं. मग त्यांनी आम्ही शिकलो त्याच शिव्या दिल्या. त्यांचा हेल चुकतो.

जहाज गेलंच नाही तेव्हा साहेबांनाही लढावं लागलं. खुर्ची फेकून मारली त्यांनी एक, ती वाळवीला लागली. लोखंडी होती, तिनं खाल्ली.

आम्ही सगळ्या दाराकडे गेलो. आमची कधी अशी सवय नव्हती, आम्ही मागे राहणाऱ्या. दार राहिलं. तुमची चौदा मुलं गेली. आमच्या तीनशेच्या वर गेल्या. जिच्या कपाळाला कांछीनं टिका लावला होता ती कांछीच्या अंगावर पडली, म्हणून फक्त हात भाजला. आम्ही आहोतच. पण तीच ती नाही आता, आणि कांछीला हे समजावता येत नाही. ती म्हणते, तुम्ही सगळ्या तीच असाल, पण तिचं ओलं कपाळ वेगळं होतं. आम्ही यावर विचार करतो आहोत. आम्हाला पूर्वी असं काही वाटलं नव्हतं.

कांछीवर गुन्हा लावला आहे. दोस्त फौजेला नातेवाईक करून हुकमाबाहेर काढलं असा. शिक्षा लांब मुदतीची आहे, घरी सोडत नाहीत. आम्हीही जहाजं हलवत नाही. साहेब विचारतात, हे बंड आहे का. नाही. मितिनी कोठडीत आहे, आम्ही बाहेर बसलोय, एवढंच.

लोभ म्हणजे काय ते नीट कळलं नाही, पण तो आहे.
आम्ही


कोदोडांडा
पुस ११

चि. कांछीस बज्यैचे अ. आ., आणि भाजलेल्या हातावर फुंकर.

सुटलीस! तार आली तेव्हा मी शेणात हात घालून उभी होते, तशीच नाचले, टंकमायेच्या पातळावर डाग पडला, तीही नाचत होती.

पण तू सुटलीस कशी ते तुला कोणी खरं सांगणार नाही, म्हणून मी लिहिते. तुझा कर्नल माझ्याकडे आला होता. हो, इथे, वर! सुबेदार बाजेनं रंगीत पताका लावल्या आणि सलाम इतका जोरात ठोकला की टोपी उडाली. गुंद्रीच्या चटईवर बसायला साहेबाला अर्धी सकाळ लागली, गुडघे वळेनात. चांगला उंच, गोरा, थकलेला माणूस. वाळवीनं चावलेला एक बूट होता. मी ढिंडो आणि गुंद्रुक वाढलं. जहाजं हलत नाहीत, दोन ठाणी उघडी पडलीयत, वरून त्याला रोज बोलणी बसतात, असं सगळं सांगून त्यानं विचारलं, मितेरी सोडवतात कशी, त्याचा काही विधी असेल. मी म्हटलं, नाही. मेल्यावर सुटत असेल, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मेल्यावर मुलांकडे जाते. त्यानं सुबेदाराकडे पाहिलं. सुबेदारांनी छताकडे.

मग त्याचं डोकं चाललं. म्हणाला, सोडवता येत नसेल तर सगळ्या शिपायांची सगळ्या ओखऱ्यांशी हुकमानं जोडून टाकू, आणि वरच्या अधिकाऱ्यांची आधी. मी विचारलं, पाच दिवस अळणी राहाल का. तो म्हणाला, रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ आधीच बंद केलंय, त्यामुळे त्याला काही अडचण नाही. मी इतकी हसले की ठसका लागला, साहेबानंच पाठ थोपटली. जाताना मात्र दारात थांबून म्हणाला की तू गातेस ते त्यालाही ऐकू आलं होतं. ते काही त्यानं कागदात लिहिलं नसणार.

तेव्हा तू सुटलीस ते त्यांची जहाजं अडली म्हणून. घंटेचं कलम बदललं, आता शेवटचा माणूस चढल्यावर जहाज. आणि रेडिओवर ऐकलंस का, नात्यागोत्याचं नवं धोरण शोधून काढल्याबद्दल साहेबाला मोठं पदक मिळालं. तुला काही नाही, मिठाचा ठपका तेवढा राहिलाय. सुबेदार बाजे म्हणतात, फौजेत असंच असतं. या वेळी बिल्ले न लावता म्हणाले.

यंदा दशैं केलं नाही. करणार कसं, घरात सुतक. जमरा उगवली होती ती म्हशीला घातली. सगळं गाव अळणी जेवलं, मी कोणाला सांगितलं नव्हतं. टंकमायेनं आधी सुरुवात केली, वर म्हणते, तीन पायांच्या असल्या तरी नात्यातल्याच.

आता मुख्य. गेलेल्यांना वाटेला लावायचं अर्घूं करायचं ठरलं, तुमच्या चौदा पोरांबरोबर ओखऱ्यांचंही. पण पच्यू अडून बसला. गेलेल्याला वाट सांगायची तर नाव घेऊन सांगावी लागते. पहिल्या उंबऱ्यापासून वरच्या पूर्वजांच्या गावापर्यंत, या वळणावर थांब अमक्या, तो पूल ओलांड तमक्या. नावच नाही तर हाक कोणाला मारू, म्हणाला, आणि बरोबर बोलला. आम्ही सगळ्या बाया धाऱ्यावर बसून होतो. नवी नावं द्यावीत तर तीनशे पोरं चुकायची, कधी त्या वाटेनं गेलेली नाहीत. मग खयालीची आई म्हणाली, माझ्या खयालीचं नाव द्या एकीला. तो त्या वाटेनं गेलाय, त्या नावाला वळणं ठाऊक आहेत. तिनं एवढं म्हटलं आणि मग थांबेनाच कोणी. कोणी नवऱ्याचं, कोणी भावाचं. टंकमायेनं तिचा तो धाकटा दीर, ज्याच्याशी जन्मभर भांडली, त्याचं दिलं. खालच्या गावातून बाया आल्या, घलेगावाकडून आल्या. परक्यांच्या लढाईत गेलेली आपल्या डोंगरातली इतकी नावं निघतील असं वाटलं नव्हतं. तीनशेंना पुरून उरली गं.

मीही दिलं. जी तुझ्या अंगावर पडली, जिचं कपाळ ओलं होतं, तिला तुझ्या बाबाचं नाव दिलंय. माघात अर्घूं आहे, तू मितिनींना घेऊन ये. पच्यू बाबाच्या नावानं हाक मारील तेव्हा पुढे धावू नकोस, बाबा म्हणू नकोस. ती तुझी मितिनी आहे. नुसतं हात जोडून उभी राहा आणि वाट मोकळी ठेव.

तुझी बज्यै